बोडखीवरचं न दिसणारं घर

पोळा झाला, बैलांच्या शिंगांवरचा रंग उडाला आणि पूर्वा नक्षत्राचा पाऊस लागला की लोकांना म्हणे हिरवळ बघून बरं वाटतं. मला वाटत नाही. माझं डोकं फिरतं. परभणीतल्या माझ्या ऑफिसच्या खिडकीतून समोरच्या गॅरेजच्या पत्र्यांवर पाणी पडताना दिसतं, खाली रस्त्यावरचा काळा चिखल स्कूटरच्या मडगार्डमध्ये गच्च भरून बसतो, आणि मी मनातल्या मनात शिव्या द्यायला लागते. आधी सुधाकररावांना, मग त्यांच्या वकिलाला, आणि शेवटी, बराच वेळ, स्वतःला.

मी आर्किटेक्ट आहे. आमच्याकडे हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे नकाशे काढता का?" हो, नकाशे काढते. ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर आणि दर्शनी बाजूला शेजाऱ्यापेक्षा एक खांब जास्त. वीस वर्षं हेच केलं. माझी घरं चौकातून दिसतात, कारण बांधणाऱ्याची मागणीच तशी असते. मेहनतीनं बांधलं आहे तर दिसायला नको का? आणि अशा माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी, ह्याच पावसात, एक माणूस आला आणि म्हणाला, "मॅडम, मला असं घर पाहिजे की ते दिसलंच नाही पाहिजे."

ते सुधाकरराव. मूळचे सोनपेठकडचे, पण उमेदीची वर्षं सगळी पुण्यात गेली. आयुष्यभर टेकड्या फोडून बिल्डिंगी उठवल्या आणि साठी आल्यावर त्यांना डोंगराची ओढ लागली. जिंतूरच्या पुढं येलदरीकडे जाताना डाव्या हाताला एक टेकडी आहे, तिचा माथा त्यांनी विकत घेतला होता. तिथं त्यांना केबिन हवी होती. आमच्या जिल्ह्यात केबिन म्हणजे तहसिलात साहेब बसतात ती, बाहेर शिपाई असलेली. पण सुधाकररावांनी मोबाइलवर परदेशातल्या डोंगरांचे फोटो दाखवले. झाडीत लपलेली, दगडात रुतलेली, छपरावर गवत उगवलेली घरं. "डोंगरात विरघळून जायला पाहिजे," ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की त्या रात्री मी नीट जेवलेही नाही. वीस वर्षं खांब मोजत बसलेल्या बाईला कोणीतरी पहिल्यांदा घर मागितलं होतं.

त्या टेकडीला गाव बोडखी म्हणतं. कमरेपर्यंत पळस, साग, सीताफळाची झुडपं, आणि वर माथा एकदम मोकळा, सपाट. त्या सपाटीवर बोटभर उंचीचं दाट गवत. मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा खाली काळ्या रानात पाय टाकला की चपलेसकट चिखल वर यायचा, कापसाच्या ओळींत पाणी साचलेलं, आणि इथं वर मात्र पाऊस पडून तासही झाला नव्हता तरी पायाखाली कोरडं. दूर येलदरीचं पाणी चकाकत होतं. मी कॅमेरा काढला आणि पहिल्याच फोटोत पन्नासेक मेंढ्या आल्या. त्या बाजूला होतील म्हणून मी थांबले. त्या काही झाल्या नाहीत.

मेंढ्यांचे मालक धोंडीआबा. सत्तरी उलटलेला, अंगावर घोंगडं, हातात काठी, बोलताना समोरच्याकडं न बघता लांब पाण्याकडं बघणारा म्हातारा. पावसाळ्यात ह्या लोकांची मोठी अडचण असते. खालची सगळी रानं पेरलेली, आणि काळ्या चिखलात मेंढरू उभं राहिलं की त्याची खुरं कुजतात. म्हणून आषाढापासून दसऱ्यापर्यंत कळप मुरमाड उंचवट्यावर बसवायचा, दसरा झाला की उठायचं आणि खाली मोकळ्या झालेल्या रानांत खतासाठी मेंढ्या बसवत फिरायचं. आबांच्या घराची हे चार महिने बोडखीवर बसायची वहिवाट किती पिढ्यांची होती, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मी त्यांना विचारलं, "आबा, ह्या डोंगरावर राहायला सगळ्यात चांगली जागा कोणती?"

आबांनी काठीनं कळपाकडं दाखवलं. "माय, मेंढरू खोटं बोलत न्हाई. दोन बार सोडून बघा, ज्या जाग्यावर ते आपल्या मनानं बसतंय तिथं पाणी थांबत न्हाई अन् वारं पाठीत शिरत न्हाई. आमी कुठं हुडकितो? तेच दावतेत आमाला."

आणि ते उठले. सुनेला, गंगाबाईला, हाक मारली, कळपाभोवतीची जाळी सोडवली, आणि सगळा कळप त्या जागेवरून थोडा खाली सरकवला, मला मोजमाप घेता यावं म्हणून. त्या लोकांची अशी रीतच आहे. डोंगरावर उशिरा आलेला माणूस आधी बसलेल्याला विचारतो, आणि आधी बसलेला सरकून जागा करून देतो. आलेला कधी उठणार हे विचारायचं नसतं. पावसाळा संपला की सगळेच उठतात, मागं लेंड्या सोडून कुणाचं काही राहत नाही, आणि त्या लेंड्यांवर पुढच्या वर्षीचं गवत येतं. आबांना वाटलं, ही बाईही चार महिन्यांसाठी आली आहे. शिकलेली दिसते, पाल जरा चांगलं बांधील.

मी यंत्र लावून उतार मोजला. मेंढ्या तंतोतंत बरोबर होत्या.

मी ते घर कसं केलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि ह्याचाच मला संताप येतो. इतकं होऊनही मला त्या घराचं कौतुक आहे. भिंतीचा प्रत्येक दगड बोडखीच्याच उतारावरून उचललेला, शेवाळलेली बाजू बाहेर ठेवून रचलेला. घर अर्धं टेकडीच्या पोटात आणि अर्धं बाहेर. छपरावर मुरूम, त्यावर माती, त्यावर गवत, आणि मागच्या बाजूनं छप्पर उताराला असं मिळवलं की चालता चालता माणूस त्यावर चढला तरी त्याला कळू नये. काचा आत ओढून घेतल्या, नाहीतर सकाळच्या उन्हात खालच्या रस्त्यावरून चमकल्या असत्या. एक झाड तोडलं नाही. एका सीताफळाच्या झुडपासाठी भिंत वळवली. गवंडी वैतागून म्हणाला, "बाई, झाडासाठी भिंत वाकडी?" मी म्हणाले, वाकडी. फार शहाणी झाले होते मी. नकाशावर मेंढ्यांच्या बसण्याच्या जागेवर मी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'नैसर्गिक गवत'.

घर झालं. खालून खरोखरच दिसेना. गावातला एक माणूस शेळी शोधायला वर गेला तो छपरावर उभा राहून शेळीला हाका मारत होता, असं सुधाकररावांनी पुण्यातल्या मित्रांना दहा वेळा सांगितलं. आता कळतं की न दिसणाऱ्या घराचा खरा फायदा वेगळाच असतो. जे दिसत नाही त्याच्यावर हरकत कोण घेणार? मी चार मजली इमला बांधला असता तर पाया खणायच्या दिवशीच गाव गोळा झालं असतं. मी इतकं नम्र घर बांधलं की पुरतं बांधून होईपर्यंत ते बांधलं गेलं हेच कुणाच्या लक्षात आलं नाही. मग माथ्याला आणि वर जाणाऱ्या वाटेला कुंपण पडलं, पायथ्याशी फाटक बसलं. कुंपणाची तारही मी हिरव्या रंगाची घ्यायला सांगितली, म्हणजे डोळ्यांना टोचणार नाही. डोळ्यांना नाहीच टोचली. मेंढ्यांच्या नाकाला टोचली, तेव्हा आषाढ लागला होता.

गेल्या वर्षीचा तो पावसाळा आबांच्या कळपानं येलदरीच्या डांबरी रस्त्याच्या कडेला काढला. बोडखीच्या बाकीच्या उतारांवर दगड आणि दाट झाडी, सपाट जागा तेवढी एकच. खुरं कुजली. किती मेली ते मला गंगाबाईनं सांगितलं नाही आणि मी विचारायला धजले नाही.

त्याच पावसाळ्यात मी काय करत होते? लेख लिहीत होते. घरांबद्दलच्या एका मासिकानं मागितला होता. खिडकीशी बसून, गवती चहा पीत, मी त्या घरावर चांगला लांबलचक, ओला ओला लेख लिहिला. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे, कारण नंतर ते मला वकिलाच्या कागदात वाचायला मिळालं: 'आणि त्या निरक्षर ऋषीनं पिढ्यान्‌पिढ्यांची आपली जागा हसतमुखानं आमच्या ओंजळीत घातली.' आबा हसले नव्हते. ओंजळ तर कुणाचीच नव्हती, माझ्या हातात मोजायची टेप होती. पण वाक्य छान झालं होतं ना. अशी वाक्यं लिहिणाऱ्या माणसाचे हात बांधून ठेवायला पाहिजेत.

लेख मी मानवतला वडिलांना पाठवला. बाबा निवृत्त शिक्षक आहेत, माझं छापून आलेलं सगळं ते पेन्सिल घेऊन वाचतात. दोन दिवसांनी फोन आला. "शुद्धलेखन चांगलं आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांची गावाबाहेरची जागा गेली ना, त्या कागदावर पण असंच लिहिलेलं होतं. राजीखुशीनं दिली म्हणून. खाली त्यांचा अंगठा होता. त्यांना वाचता येत नव्हतं." मी म्हणाले, बाबा, ही गोष्ट वेगळी आहे. ते म्हणाले, "असेल." आणि फोन ठेवला. मला त्यांचा फार राग आला. आठवडाभर मी फोन केला नाही.

आणि बोडखीचं काय झालं? तेही ऐका. ह्या उन्हाळ्यात सुधाकररावांचा फोन आला, आवाज चढलेला. "मॅडम, ते गवत कुठं गेलं? फोटोत कसं गालिच्यासारखं होतं. इथं नुसती घाणेरी आणि गाजरगवत माजलंय. मित्र येणारेत माझे."

मी म्हणाले, "ते गवत मेंढ्यांनी राखलेलं होतं. मेंढ्या नाहीत, गवत नाही."

"मग माणसं लावून कापून घेऊ."

"कापून तसं होत नाही. त्या चरतात, तुडवतात, तिथंच लेंड्या टाकतात, तेव्हा ते तसं येतं. शंभर वर्षं लागलीत त्याला."

"असं होय," ते म्हणाले. मला वेडीला वाटलं, उमगलं. मग म्हणाले, "असं करू, चार मेंढ्या आपणच पाळू. पांढऱ्या मिळतात का बघा. शोभेलाही बऱ्या दिसतील."

मी फोन बंद केला आणि हातातली पट्टी भिंतीवर फेकून मारली. ती तुटली नाही, स्टीलची होती.

गंगाबाई माझ्या ऑफिसात आली ती ह्या श्रावणात. मी तिला बोडखीवर पाहिलं होतं तेव्हा ती पाठमोरी जाळी आवळत होती. समोरून पहिल्यांदाच बघत होते. चाळिशीची, रापलेली, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. मी खुर्ची दाखवली. ती बसली नाही. तिनं पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले. वहिवाटीची वाट अडवली म्हणून तिनं तहसिलात अर्ज केला होता. त्याला सुधाकररावांच्या वकिलानं उत्तर दिलं होतं, की सदर जागा धोंडिबा यांनी स्वतः दाखवली व स्वखुशीने मोकळी करून दिली, सबब हरकतीचा प्रश्न उद्भवत नाही. पुराव्यादाखल माझ्या लेखाची झेरॉक्स जोडली होती. त्या वाक्याखाली लाल रेघ होती.

"हे तुमी लिवलंय का?" गंगाबाईनं विचारलं.

"हो."

"आमच्या आबांनी हसून दिली जागा?"

"मी... तशा अर्थानं नव्हतं लिहिलं."

"अर्थ आमाला कामून सांगायलाव? साहेबाला सांगा. घरात समदे म्हाताऱ्यालाच बोलायलेत. तुमीच दावली, तुमीच कळप सरकावला, म्हून. चार महिने झाले, म्हातारा कोणासंगं बोलत न्हाई. भाकर वाढली तर खातो, न्हाई वाढली तर बसून ऱ्हातो." तिनं कागद परत पिशवीत घातले. "लिवायच्या आधी इचारलं आसतं तर काय बिघडलं आसतं, म्याडम? मोजायला तर लय इचारत व्हता."

 ती जिना उतरून गेली, आणि मला तिचा राग आला. हे मी लपवणार नाही. अपराधी माणसाला आधी राग येतो. मी काय मुद्दाम केलं होतं? झाड तोडलं नाही, दगड बाहेरून आणला नाही. एवढा जीव लावून बांधलं, आणि ही बाई खुर्चीवर बसायलाही तयार नाही. तासाभरानं राग उतरला तेव्हा खाली फक्त लाज उरली होती, आणि रागापेक्षा ती वाईट.

पंचनामा भाद्रपदात झाला, बोडखीच्या पायथ्याशी, फाटकापुढं. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी आपणहून गेले. तीन दिवस झड लागली होती. तलाठी छत्री मानेत धरून लिहीत होते, पंच घोंगडी पांघरून उभे होते. रस्त्याच्या कडेला कळप होता, आणि एकही मेंढी बसलेली नव्हती. चिखलात मेंढरू बसत नाही. ते उभंच राहतं, आणि फार झालं की पडतं.

तलाठ्यांनी आबांना विचारलं, "जागा तुम्ही दिली होती का?"

"बाईनं इचारलं. म्या दावली."

"म्हणजे दिली."

आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "साहेब, पावसात उभं ऱ्हाऊन कोणी इचारलं तर काय सांगावं मग? वल्ल्यात बस म्हणावं का?"

तलाठ्यांचं पेन थांबलं. ह्याला दिली म्हणतात की नाही, ते त्यांच्या रकान्यात बसत नव्हतं. मी पुढं झाले. "आबांनी जागा दिली नव्हती. दाखवली होती. मी लेखात लिहिलंय ते खोटं आहे."

"खोटं, असं लिहू?"

"तसंच लिहा."

"सही लागेल, मॅडम. उद्या घराचे मालक तुमच्यावर उलटतील."

मी सही केली. कागद ओला होता, शाई पसरली. आणि खरं सांगायचं तर सही करून मी गंगाबाईकडं बघितलं, तिच्या चेहऱ्यावर काही सैल पडतंय का ते. इतकी लाचारी माणसात असते. तलाठी म्हणाले, कागद वर पाठवतो, सुनावणी होईल, आदेश निघेपर्यंत सगळ्यांनी शांतता राखा, आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेले. पंचही पांगले.

गंगाबाई म्हणाली, "ह्या सहीवर मेंढरू बसतंय का?"

कामाच्या वेळची फाटकाची एक किल्ली माझ्या पर्समध्ये होती. सुधाकररावांनी ती कधी परत मागितली नाही, मीही दिली नव्हती. कुलूप गंजलं होतं, दोन्ही हातांनी फिरवावं लागलं. फाटक उघडलं, आणि कुणी न हाकता कळप वर निघाला. घाणेरीत तो थांबला नाही. पुढच्या मेंढ्या घराच्या मागच्या अंगानं वळल्या, सरळ माझ्या छपरावर चढल्या, दोनदा पाय आपटले आणि बसल्या. मुरमाचं छप्पर, उताराला मिळवलेलं, पाणी न थांबणारं. बघता बघता सगळं छप्पर भरलं. त्यांना ते घर वाटलंच नाही. तीन दिवसांनी त्या पहिल्यांदा बसत होत्या, आणि मला रडू आलं, ते त्यांच्यासाठी की घर इतकं जमलं होतं म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही.

मी किल्ली गंगाबाईपुढं धरली. तिनं हात पुढं केला नाही.

"चोरीचा आळ घ्यायचाय का आमी? उद्या आतली एक वायर गेली तर पह्यली झडती आमच्याच पालाची." तिनं पदर पिळला. "किल्ली तुमची, घर तुमी बांधलं. तवा उघडायला तुमीच या. आज आल्यासारखं न्हाई. रोज. पाऊस हाय तवर."

तेव्हापासून मी रोज जाते. सकाळच्या पहिल्या एसटीनं जिंतूर, तिथून जीप, मग पायी. फाटक उघडते, दिवसभर तिथंच बसते, संध्याकाळी गंगाबाई कळप खाली घेऊन गेली की कुलूप लावते. ऑफिसातली कामं तुंबलीत. ती माझ्याशी बोलत नाही, आबाही नाहीत. एकदा पाऊस फार झाला तेव्हा आबांनी घोंगड्याचं एक टोक माझ्याकडं सरकवलं आणि तोंड दुसरीकडं फिरवून बसले. काल सुधाकररावांचा फोन आला. गावातून कुणीतरी कळवलं असणार. "छपरावर जनावरं? शोभतं का तुम्हाला? उद्या माणूस पाठवून कुलूप बदलतो." मी म्हणाले, बदला.

आज येताना जिंतूरला हार्डवेअरच्या दुकानात थांबले आणि तार कापायची पक्कड मागितली. दुकानदारानं विचारलं, तार किती जाड आहे. तो मोठी दाखवू की छोटी ह्या विचारात होता. मला सांगायला वेळ लागला नाही. कुंपणाच्या नकाशावर ती जाडी मीच लिहिली होती.